बंद कपाटातलं होम थिएटर: पुण्यातल्या एका हॉलमधलं आयआर रिपीटरचं प्रकरण

हॉल १८ फूट बाय ११ फूट. ५५ इंची टीव्ही उत्तरेच्या भिंतीवर, सोफा त्याच्या समोर साधारण ९ फुटांवर. पश्चिमेला बाल्कनी आणि तिचे सरकते काचेचे दरवाजे. टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात, पूर्वेच्या भिंतीला लागून अडीच फूट उंच आणि १८ इंच खोल असं सागवानी व्हिनियरचं कपाट. त्याच्या शटरच्या मधल्या चौकटीत वेताची जाळी, आणि आतलं दिसू नये म्हणून जाळीमागे पातळ काळं कापड. फॉल्स सीलिंगच्या खाचेत चार टी-५ ट्यूब.

कपाटात चार उपकरणं होती: ७.१ चॅनेलचा एव्ही रिसीव्हर (उपकरणांचा आवाज स्पीकरना देणारा डबा), डीटीएचचा सेट-टॉप बॉक्स, सोनीचा ब्लू-रे प्लेअर आणि रिसीव्हरच्या मागे एचडीएमआयला खोचलेली फायर टीव्ही स्टिक. घरच्यांची मागणी सरळ होती. शटर बंद राहिलं पाहिजे, आणि आजी-आजोबांच्या हातात आज आहेत तेच रिमोट चालले पाहिजेत. मोबाइलवरचं ॲप नको.

आयआर रिपीटर, म्हणजे रिमोटचा इन्फ्रारेड (आयआर) संदेश सेन्सरने पकडून, हब नावाच्या डबीतून, एमिटर नावाच्या छोट्या एलईडींमार्फत बंद कपाटातल्या उपकरणांना पोचवणारा संच, आधीच बसवलेला होता. यूएसबीवर चालणारा स्वस्तातला संच, सेन्सर कपाटाच्या आतच जाळीमागे बाहेर तोंड करून चिकटवलेला आणि एमिटर प्रत्येक उपकरणाच्या पुढ्यात अंदाजाने लावलेले. तक्रारी मात्र पाच होत्या, आणि घरच्यांच्या लेखी त्या सगळ्या मिळून एकच: “रिपीटर खराब आहे.”

त्या पाच अशा. रात्री बंद केलेला एव्ही रिसीव्हर सकाळी रिमोटने चालूच होत नाही, शटर उघडून बटण दाबावं लागतं. दुपारी चारपासून ऊन उतरेपर्यंत काहीच चालत नाही, आणि दिवे लावल्यावर पुन्हा जेमतेम. आवाज एकदा वाढवला की पुढची काही सेकंद कुठलंच बटण लागू पडत नाही. सेट-टॉप बॉक्स कधी एकाऐवजी दोन चॅनेल पुढे जातो, कधी जागचा हलत नाही. आणि स्टिक कधी ऐकते, कधी नाही.

रिपीटर खराब नव्हता. पाच तक्रारींची पाच वेगळी कारणं होती आणि त्यातल्या एकीचा तर आयआरशी संबंधच नव्हता. अशा कामात नवा संच मागवण्याआधी वाट तोडून तपासावी लागते: रिमोट, सेन्सर, हब, एमिटर, उपकरणाची खिडकी. कुठल्या टप्प्यावर संदेश मरतो ते कळलं की अर्धं काम झालं.

संदेश कसा जातो

रिमोटच्या टोकाचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फेकतो. तो सलग नसतो, सेकंदाला ३६ ते ४० हजार वेळा लुकलुकतो. एनईसी पद्धतीचे रिमोट ३८ किलोहर्ट्झवर चालतात, फिलिप्सचा आरसी-५ ३६ वर आणि सोनीचा कोड ४० वर. या लुकलुकीचे लहान-मोठे तुकडे पाडून त्यांत बटणाचा कोड भरलेला असतो. एनईसीमध्ये सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब तुकडा, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता, आणि पुढे ३२ बिट. त्यातला प्रत्येक ठोका ५६२ मायक्रोसेकंदांचा. हा शेवटचा आकडा पुढे कामाला येणार आहे.

रिपीटरच्या सेन्सरमध्ये टीएसओपी जातीचा तीन पायांचा घटक असतो. तो फक्त त्या लुकलुकीकडे लक्ष देतो, ती गाळून टाकतो आणि मागे उरलेले तुकडे वायरवर देतो. त्याचं आउटपुट उलटं असतं, म्हणजे शांततेत ५ व्होल्ट आणि संदेश आला की शून्याकडे. हबचं काम यानंतर सुरू होतं. तो ३८ किलोहर्ट्झची लुकलुक नव्याने तयार करून त्या तुकड्यांत भरतो आणि एमिटरच्या एलईडीला देतो. घरच्या घरी टीएसओपी, एक ट्रान्झिस्टर आणि एक एलईडी जोडून रिपीटर बनवणारे इथेच फसतात. एलईडी पेटतो, पण त्याच्या प्रकाशात लुकलुक नसते, त्यामुळे पलीकडचं उपकरण ढिम्म राहतं. ५५५ आयसी (ठरावीक वेगाने चालू-बंद होणारी चिप) लावून ती लुकलुक परत घालावी लागते. १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट मिळून ३८ किलोओहमच्या आसपास आले की वारंवारता जमते. एमिटरसाठी १२ व्होल्टवर दोन एलईडी सिरीजमध्ये आणि ४७० ओहम लावले की २० मिलिॲम्पिअर मिळतात. उपकरणाच्या खिडकीला टेकवलेल्या एमिटरला तेवढे पुरतात.

आधी कोण काय ऐकतं ते बघा

चारही रिमोटचं टोक एकेक करून मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. पुढचाच कॅमेरा घ्यायचा. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा आयआर अडवणारी काच असते आणि चांगला रिमोटही मेलेला वाटतो. रिसीव्हर, सेट-टॉप बॉक्स आणि ब्लू-रे या तिघांचे रिमोट पडद्यावर फिकट जांभळे चमकले. फायर टीव्हीचा रिमोट बाण दाबल्यावर चमकला नाही, आवाजाचं बटण दाबल्यावर मात्र चमकला.

स्टिकची तक्रार इथेच निकालात निघाली. तिचा रिमोट मेन्यूसाठी ब्लूटूथ वापरतो आणि टीव्ही किंवा रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त करायला आयआर. आधीच्या कारागिराने स्टिकपाशी एमिटर चिकटवला होता, त्याचा काडीचा उपयोग नव्हता. स्टिक अडखळत होती ती रिसीव्हरच्या पत्र्याच्या डब्यामागे, एचडीएमआयच्या गर्दीत थेट खोचल्यामुळे. स्टिकसोबत येणारी एचडीएमआयची छोटी एक्स्टेंशन वायर लावून ती रिसीव्हरच्या बाजूला, कपाटाच्या फळीलगत आणली. पत्रा अडवतो, प्लाय आणि जाळी ब्लूटूथला अडवत नाहीत.

पीएस-४, पीएस-५ किंवा ब्लूटूथ रिमोटचे अँड्रॉइड सेट-टॉप बॉक्स यांनाही हाच नियम. कपाटात काय ठेवायचं ते ठरण्याआधी कॅमेऱ्याची ही दोन मिनिटांची चाचणी करावी.

दुसरे मार्ग का घेतले नाहीत

सगळ्यात साधा उपाय जाळी आणि कापड काढून चौकटीत स्मोक्ड किंवा टिंटेड काच घालण्याचा. डोळ्यांना काळपट दिसणाऱ्या बहुतेक टिंटेड काचांतून आणि स्मोक्ड ॲक्रिलिकमधून आयआर पुरेसा जातो. वायर नाही, हब नाही, बिघडायला काही नाही. मात्र मागून रंग दिलेली लॅकर्ड काच चालत नाही. दुकानात रिमोट घेऊन जावं, काचेच्या तुकड्यामागे मोबाइल धरून बघावं. इथे घरच्यांना वेताची जाळीच हवी होती, आणि काच घातली तरी अडचण संपत नव्हती. सोफ्यावर बसलेला माणूस रिमोट टीव्हीकडे रोखतो आणि कपाट काटकोनात, बाजूच्या भिंतीला.

एचडीएमआय-सीईसी (एचडीएमआय वायरीतूनच एका उपकरणाने दुसऱ्याला आज्ञा देण्याची सोय) रिसीव्हरला टीव्हीसोबत चालू-बंद करण्यापुरतं आणि आवाजापुरतं उपयोगी ठरतं. ते इथे चालू ठेवलं. पण सेट-टॉप बॉक्सचे चॅनेल त्यावर अवलंबून ठेवणं धोक्याचं, कारण डीटीएचचे अनेक बॉक्स सीईसीला दाद देत नाहीत.

वायफायवरचा आयआर ब्लास्टर कपाटात ठेवता आला असता. हे ब्लास्टर बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, वीज गेली की राउटर उभा राहीपर्यंत गप्प बसतात, आणि मुख्य म्हणजे मोबाइल किंवा आवाजाची आज्ञा मागतात. आजींच्या हातातला रिमोट त्यांच्या गावीही नसतो. वायरीचा रिपीटर जुना वाटतो, पण या घरासाठी तोच बरा.

नव्याने घेतलेलं सामान

१२ व्होल्टचा हब, सहा एमिटर आउटपुटचा, एक. सेन्सर एक. तीन एकेरी एमिटर, दोन मीटर वायरीचे, दिसणारा लाल दिवा असलेले. तो लाल दिवा फार उपयोगी असतो, कारण संदेश एमिटरपर्यंत पोचला की नाही हे शटर उघडल्या उघडल्या कळतं. १२ व्होल्ट १ ॲम्पिअरचा ॲडॉप्टर. कॅट-६ केबल ५ मीटर. १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा एक कपॅसिटर. ३.५ मिमीचे स्टिरिओ सॉकेट आणि पिन. हीट-श्रिंक नळी, काळी इन्सुलेशन टेप, २ मिमी जाडीचा काळा फोम, पारदर्शक सिलिकॉन. जुन्या संचातलं काही घेतलं नाही. ते बिघडलेलं नव्हतं, पण ५ व्होल्टचा हब आणि १२ व्होल्टचे एमिटर यांची गल्लत होऊ नये म्हणून.

सकाळी मेलेला रिसीव्हर

या तक्रारीचं कारण सापडायला मिनिटही लागलं नाही. हबची यूएसबी वायर एव्ही रिसीव्हरच्याच पुढच्या यूएसबीत होती. रिसीव्हर स्टँडबायला गेला की त्या पोर्टची वीज जाते. मग हब मेलेला, आणि हब मेला म्हणजे रिसीव्हरला जागं करणारा संदेश पोचवणारं कुणी उरत नाही. टीव्हीच्या यूएसबीवरही हेच होतं. हबला कायम वीज हवी. नवा ॲडॉप्टर कपाटातल्या स्पाइक गार्डमध्ये लावला आणि त्या स्पाइक गार्डचं बटण कुणी रात्री बंद करू नये म्हणून त्यावर टेप मारून ठेवली.

ऊन आणि ट्यूबलाइट

जुना सेन्सर कपाटात होता, म्हणजे त्याचं तोंड पश्चिमेला, थेट बाल्कनीकडे. दुपारी उतरतं ऊन सरळ त्याच्यावर. सूर्यप्रकाशात आयआर भरपूर असतो. सेन्सरमधला फोटोडायोड त्याने भरून जातो आणि रिमोटचा क्षीण संदेश त्यात बुडतो.

रात्रीचा त्रास वेगळा. टी-५ ट्यूबचे इलेक्ट्रॉनिक चोक त्यांना सेकंदाला हजारो वेळा लुकलुकवतात, आणि ही लुकलुक रिमोटच्या वारंवारतेच्या शेजारीच येते. सेन्सर तिला संदेश समजत नाही, पण तिच्यापायी स्वतःची संवेदनशीलता कमी करून घेतो. त्यामुळे कपाटाजवळ उभं राहिलं तर रिमोट चालतो, सोफ्यावरून नाही.

हे मल्टिमीटरवर दिसतं. सेन्सरच्या सिग्नलच्या तारेवर डीसी व्होल्ट लावले. दिवे बंद, पडदे ओढलेले: काटा ५ व्होल्टवर स्थिर. रिमोट दाबला की आकडा खाली येऊन थरथरतो. ट्यूब लावल्यावर रिमोट न दाबताही तो हलायला लागला. चारही ट्यूब एकेक करून बंद केल्यावर बाल्कनीकडच्या दोघी दोषी निघाल्या, कारण सेन्सरला त्या सरळ दिसत होत्या.

बाजारात गोंगाट दाबणारे सेन्सर मिळतात. विशे या कंपनीची टीएसओपी४४ मालिका त्यासाठीच आहे आणि साध्या एनईसी, आरसी-५ घरात ती लावून मोकळं होता येतं. पण निर्मात्याच्या तक्त्यात त्या मालिकेपुढे सोनीच्या कोडला नकार असतो, आणि इथे कपाटात सोनीचा ब्लू-रे होता. सेन्सर बदलून सुटणारा प्रश्न नव्हता, म्हणून नेहमीचा टीएसओपी४८ जातीचाच ठेवला आणि त्याची जागा बदलली. जागा बदलणं एरवीही जास्त टिकाऊ. दमदार सेन्सर चुकीच्या जागी लावण्यापेक्षा साधा सेन्सर योग्य जागी बरा.

नवी जागा टीव्हीखालच्या तरंगत्या फळीच्या पुढच्या पट्टीत, तोंड दक्षिणेला, सोफ्याकडे. टीव्हीच्या कडेपासून चार बोटं खाली, म्हणजे पडद्याचा बॅकलाइट सेन्सरच्या शेजारी नको. इथे पश्चिमेचं ऊन समोरून येत नाही, फक्त हिवाळ्यात बाजूने तिरकं लागतं. ते अडवायला सेन्सर पट्टीच्या पृष्ठभागावर न ठेवता ८ मिमी आत बसवला.

सुतार विचारतो, “साहेब, भोक किती एमएमचं मारू?” सेन्सरचं डोकं ९ मिमीचं असेल तर तो १० चं मारणार, आणि सेन्सर ८ मिमी आत गेला की त्याला बोगद्यातूनच दिसेल, सोफ्याच्या दोन्ही टोकांना बसलेल्यांचे रिमोट चालणार नाहीत. म्हणून मागून १० मिमी आणि पुढून २५ मिमी असं दोन टप्प्यांचं भोक मारलं. पुढचा रुंद भाग आतून मॅट काळा रंगवला. व्हिनियर फाटू नये म्हणून आधी टेप लावून ३ मिमीचं पायलट भोक, मग पुढून होल सॉ. बाल्कनीकडच्या दोन ट्यूबच्या जागी एलईडी पट्टी आली. उरलेल्या दोन सेन्सरच्या नजरेआड होत्या, त्या तशाच ठेवल्या.

वायर

सेन्सरची मूळ वायर दीड मीटरची, आणि फळीपासून कोपरा वळून कपाटातल्या हबपर्यंत ढील धरून साडेतीन मीटर लागत होते. सेन्सरला तीन तारा लागतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, सिग्नल. बाजारात मिळणारी दोन तारांची मोनो एक्स्टेंशन लावली तर पिनमधले दोन टप्पे एकमेकांना जोडले जातात, आणि कुठल्या टप्प्यावर काय आहे त्यानुसार एकतर सिग्नल मरतो नाहीतर हबचा पुरवठाच शॉर्ट होतो. टप्प्यांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा. हब चालू करून सॉकेटवर मीटर लावून पाहिल्याशिवाय काहीही जोडू नये.

कॅट-६ मधली निळी जोडी सिग्नल आणि ग्राउंडसाठी, नारिंगी जोडी ५ व्होल्ट आणि ग्राउंडसाठी वापरली. सिग्नल नेहमी ग्राउंडसोबत पिळलेला असावा. सेन्सरच्या टोकाला ५ व्होल्टच्या तारेत १०० ओहम सिरीजमध्ये, आणि सेन्सरच्या पायांपाशी ५ व्होल्ट ते ग्राउंड १० मायक्रोफॅरड. हे दोन घटक लांब वायरीने गोळा केलेला विजेचा कचरा गाळतात. कपॅसिटर हबच्या टोकाला लावून उपयोग नाही.

टीव्हीच्या मागून आलेली २३० व्होल्टची वायर त्याच पट्टीमागून जात होती. सेन्सरची केबल तिच्यापासून वीतभर दूर ठेवली आणि एका ठिकाणी ओलांडावी लागली तिथे काटकोनात ओलांडली. एकाच पाइपात दोन्ही घालण्याचा मोह इलेक्ट्रिशियनला होतोच. तो मोडून काढावा, कारण नियमही तेच सांगतो आणि सेन्सरही.

एमिटर

जास्त वेळ इथे लागतो आणि लागू द्यावा.

प्रत्येक उपकरणाची आयआर खिडकी शोधायची. हॉलमधले दिवे बंद करून टॉर्च पुढच्या पॅनेलवर तिरकी मारली की काळपट प्लास्टिकमागे गोल मणी किंवा छोटा चौकोन दिसतो. ब्लू-रेमध्ये तो लगेच सापडला. सेट-टॉप बॉक्सचं पॅनेल सगळंच चकचकीत काळं, काही दिसेना. तिथे जाड कार्डशीटला ६ मिमीचं भोक पाडून तो कागद पॅनेलवर सपाट धरला, फूटभरावरून रिमोट दाबत भोक डावीकडून उजवीकडे सरकवलं. जिथे बॉक्स ऐकायला लागला तिथे खडूने खूण. एव्ही रिसीव्हरमध्ये आधीचा एमिटर डिस्प्लेच्या बरोबर मध्यावर होता. खरी खिडकी डिस्प्लेच्या उजव्या टोकाला, दोन इंच पलीकडे. इतके दिवस रिसीव्हर चालत होता तो पॅनेलच्या आतून पसरलेल्या उजेडावर.

मग एमिटर हाताने खुणेवर धरून चाचणी. चिकटवायचा नाही. आकडे १ ते ९ एकेक, बाण चारही दिशांचे, आणि आवाजाचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं. दाबून धरल्यावर एनईसीचे रिमोट दर ११० मिलिसेकंदांनी छोटा पुनरावृत्तीचा संदेश पाठवतात. आवाज सलग चढत गेला तर जागा पक्की. अडखळत चढला तर एमिटर सरकवायचा.

सेट-टॉप बॉक्सने इथे वेगळाच नखरा केला. एमिटर खुणेच्या नेमका वर ठेवला की तीनातलं एक बटण चुकायचं, ५ मिमी बाजूला सरकवला की सगळी लागायची. खिडकीमागचा सेन्सर ८ ते १० मीटरवरचा मिणमिणता प्रकाश पकडायला बनलेला असतो. २ मिमीवरून पूर्ण ताकदीचा एलईडी मारला की तो भरून जातो, ठोके लांबतात आणि मधल्या शांतता आक्रसतात. एमिटर सरकवणं किंवा मध्ये अर्धपारदर्शक पांढऱ्या टेपचे एक-दोन थर देणं, दोन्ही चालतं. इथे सरकवला.

राहिल्या दोन तक्रारी: आवाजानंतर काही सेकंद बहिरेपण, आणि दोन चॅनेलची उडी. दोन्हींचं मूळ जाळीत.

पहिलीत एमिटरचा प्रकाश बाजूंनी सांडून शटरच्या आतल्या बाजूवर आपटून त्याच कपाटातल्या जुन्या सेन्सरवर परत येत होता. सेन्सर तो पुन्हा हबला देई, हब पुन्हा एमिटरला. माइक स्पीकरसमोर धरल्यावर जी शिट्टी वाजते तीच इथे प्रकाशात. बटण सोडल्यावरही हबचा दिवा लुकलुकत राहिला तर दुसरं काही शोधू नये, हेच आहे. सेन्सर कपाटाबाहेर गेल्यावर हे आपोआप थांबलं.

दुसरीत कपाटाच्या बरोबर समोर, बाल्कनीकडच्या खुर्चीत बसून रिमोट दाबला तर मूळ प्रकाश जाळी आणि पातळ कापडातून थेट बॉक्सवर पोचायचा. तोच संदेश रिपीटरमार्गे थोडा उशिरा. टीएसओपीला लुकलुक ओळखायला सात ते पंधरा आवर्तनं लागतात, ३८ किलोहर्ट्झवर एक आवर्तन २६ मायक्रोसेकंदांचं, म्हणजे उशीर दोनशे ते चारशे मायक्रोसेकंदांचा. ठोका ५६२ चा. एकावर एक पडून ठोके फुगतात आणि कोड ओळखू येत नाही. मधली एखादी फ्रेम (एकदा पाठवलेला पूर्ण कोड) अशी नासली आणि पुढची नीट पोचली की बॉक्सला बटण दोनदा दाबल्यासारखं वाटतं. खुर्ची हलवून बघितली तर लक्षण गायब होतं, म्हणूनच ही तक्रार “कधी होतं, कधी नाही” अशी येते. उपाय एकच: बॉक्सची खिडकी फक्त एमिटरलाच दिसली पाहिजे. एमिटरवर २ मिमी काळ्या फोमचा २० मिमी चौकोन, त्यावर काळ्या टेपची पट्टी. तिन्ही एमिटर असेच झाकले. लाल दिवा दिसावा म्हणून फोमला सुईने टोचून बारीक छिद्र ठेवलं.

चिकटवण्याबद्दल. एमिटरसोबत येणारा डबल टेप पुण्याच्या उन्हाळ्यात, वर एव्ही रिसीव्हरची ऊब असताना, सुटतो. एमिटर २ मिमी घसरला की घरचे पुन्हा “रिपीटर गेला” म्हणतात. पॅनेल स्पिरिटने पुसून कडांना पारदर्शक सिलिकॉनचे दोन ठिपके द्यावेत. नंतर नखाने निघतात. फेविक्विक अजिबात नको, त्याच्या वाफेने चकचकीत पॅनेलवर पांढुरका डाग पडतो आणि तो खिडकीवरच असतो.

एव्ही रिसीव्हरच्या मागे “रिमोट इन” नावाचं ३.५ मिमीचं भोक होतं आणि एमिटरऐवजी हबची वायर थेट तिथेच खोचता येईल का, हा प्रश्न घरातल्या इंजिनिअर मुलाने विचारला. बऱ्याच कंपन्यांच्या या भोकाला लुकलुक गाळलेला संदेश लागतो, हब देतो तो लुकलुकीसकट. पातळीही वेगळी असते. मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी असेल आणि हबला तसं आउटपुट असेल तरच. एमिटर चालत असताना या भानगडीत पडण्यात काही अर्थ नाही.

शेवटची तपासणी

शटर बंद. दुपारी साडेचारला ऊन असताना, आणि रात्री सगळे दिवे, टीव्ही आणि पंखा चालू असताना, अशा दोन वेळा. सोफ्याची दोन टोकं, बाल्कनीची खुर्ची आणि जेवणाच्या टेबलाची जवळची बाजू, अशा चार जागांवरून तिन्ही रिमोट. ब्लू-रे टेबलापासून जरा कमी ताकदीने पोचला. सोनीचा ४० किलोहर्ट्झ ३८ च्या सेन्सरला थोडा अवघड जातो, त्यामुळे पल्ला घटतो. सोफ्यावरून अडचण नव्हती, म्हणून तिथे हात लावला नाही. फायर टीव्हीच्या रिमोटवरून आवाज हलवताना तो टीव्हीकडे रोखावा लागतो, मेन्यूसाठी लागत नाही. हा फरक आजी-आजोबांना करून दाखवावा लागतो, सांगून लक्षात राहत नाही.

एसीचा रिमोट दाबल्यावरही हबचा दिवा लुकलुकतो. तो काहीच बिघडवत नाही, कपाटातल्या कुणालाही तो कोड कळत नाही.

एव्ही रिसीव्हर बंद कपाटात ठेवायचा तर वरून किमान चार इंच मोकळी जागा आणि मागच्या फळीत हवेचं भोक हवं. इथे जाळी होती म्हणून पंखा लागला नाही. सनमायक्याचं सपाट शटर असतं तर १२० मिमीचा, १२ व्होल्टचा पंखा मागे लावला असता, पण हबच्या ॲडॉप्टरवर नाही. स्वस्त पंख्यांच्या मोटरचा कचरा त्याच तारांतून हबमध्ये शिरतो आणि दिवा विनाकारण फडफडतो.

हबमागे प्रत्येक एमिटरच्या वायरीला नाव लिहून टेप लावली आणि फूटभर ढील गुंडाळून ठेवली. डीटीएचवाले बॉक्स बदलून देतात तेव्हा नव्याची खिडकी जुन्याच्या जागी नसते. कार्डशीटचा तो तुकडा कपाटातच ठेवला आहे. नवा बॉक्स ब्लूटूथ रिमोटचा निघाला तर आधी कॅमेऱ्यासमोर धरून बघायचा. आकड्यांची बटणं चमकली नाहीत तर त्याचा एमिटर काढून टाकायचा आणि रिमोट नव्याने पेअर करायचा.